कुत्र्याला कुठे ठेवलंत? बोर्डिंग आणि ट्रेनिंगचे बरेवाईट अनुभव लिहा

मूगभजी

डिसेंबरात भावाचं लग्न आहे नागपूरला, आम्ही पुण्यात, जाऊन येऊन ११ दिवस. आमचा खंड्या इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा आहे, अडीच वर्षांचा, पार्किंगमध्ये गाडीखाली सापडलेला, आजवर एक रात्रसुद्धा कुणाकडे राहिलेला नाही. रेल्वेने न्यायचं म्हटलं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे मिळायला हवा, नाहीतर गार्डच्या डब्यातली ती पेटी, आणि त्या पेटीत खंड्याला कोंबायची कल्पनाच नको वाटते. बरं नेला तरी मांडवात बॅंड, फटाके, दोनशे पावणे. शेजारचे म्हणाले ठेवा की आमच्याकडे, बाल्कनीत बांधून ठेवू. म्हटलं राहू दे.

गेल्या रविवारी तीन जागा पाहून आले. पहिल्या ठिकाणी गेटवरच थांबवलं, "आतले डॉग्ज डिस्टर्ब होतात मॅडम, व्हिडिओ पाठवतो". दुसरीकडे लॉन काय, पूल काय, हाडाच्या आकाराचा बोर्ड काय, सगळं फोटोसाठी. पण रात्री कुठे झोपतात असं विचारल्यावर तो माणूस दुसऱ्या माणसाकडे बघायला लागला. तिसरी जागा साधी आहे, तिच्याबद्दल नंतर लिहिते.

ज्यांनी ठेवलंय त्यांनी काय बघून ठेवलं ते लिहा. फसला असाल तर तेही लिहा. फक्त नावं नकोत, उगाच भांडणं होतात.

लाडूचा_बाबा

आमचा लाडू लॅब्रॅडॉर, तेव्हा चार वर्षांचा. मे महिन्यात नऊ दिवस एका फार्मवर ठेवला. रोज फोटो यायचे, हसरा चेहरा, जीभ बाहेर, आम्ही खूश. आणला तेव्हाही ठीक होता. साधारण दहा-बारा दिवसांनी सकाळी त्याने वाटीकडे पाठ फिरवली. लॅब जेवत नाही म्हणजे काय ते लॅबवाल्यांना सांगायला नको. ताप १०४, हिरड्या पांढऱ्याफटक, आणि दुपारी शिंकला तर फरशीवर रक्ताचे थेंब. ब्लड काढलं, प्लेटलेट ३८ हजार. एर्लिकिया, म्हणजे टिक फीवर. डॉक्सी नावाची अँटिबायोटिक २८ दिवस, पहिले चार दिवस सलाईन. वाचला.

फार्मवाल्याला फोन केला तर "तुमच्या सोसायटीतच चावली असेल गोचीड". आता हे सिद्ध कसं करणार? पण एक गोष्ट मला अजून छळते. सोडायला गेलो तेव्हा शेडच्या भिंतीवर खाली, पायाच्या उंचीवर, तपकिरी-लाल ठिपके ठिपके दिसले होते आणि मला वाटलं कामगार पान खाऊन थुंकतात. ते चपलेने चिरडलेल्या गोचिडांचे डाग होते हो. डॉक्टर म्हणाले ही गोचीड नुसती कुत्र्याच्या अंगावर राहत नाही, भिंतीवर चढते, भेगांमध्ये अंडी घालते, त्यामुळे कुत्रा धुवून काय उपयोग, शेड फवारायला लागते. तेव्हापासून कुठेही गेलो की मी आधी भिंतीचे कोपरे बघतो, लोकांना वाटतं वास्तुशास्त्रवाला आलाय. आणि घरी आणल्या आणल्या कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली हात फिरवून बघायचं, रोज, निदान तीन आठवडे.

कोकणकडा

एकच मुद्दा. जो तुमच्याकडे लसीकरणाचं पुस्तक मागत नाही तो बाकीच्यांकडेही मागत नसणार, तिथून निघायचं. आमच्या बीगलला केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला झाला होता, घशात हाड अडकल्यासारखा ठसकायचा, आम्ही खरंच हाड समजून रात्री एक वाजता दवाखाना शोधत फिरलो. रेबीज आणि नाईन-इन-वन (अनेक रोगांची एकत्र लस) सगळं झालेलं होतं पण ह्याची लस वेगळी असते, नाकात थेंब टाकतात, ती कुणी सांगितलीच नव्हती. आदल्या दिवशी देऊन मात्र उपयोग नाही, आठवडाभर तरी आधी. आणि चार महिन्यांखालचं पिल्लू असेल तर कुठेच ठेवू नका प्लीज, पार्वोचा विषाणू त्या जागेत महिनोन् महिने टिकून राहतो, साध्या फिनाइलने जात नाही.

आजीची_बाळंतविडा

हसू नका. आमची चिंगी, शित्झू, ऑपरेशन केलेलं नव्हतं कारण सासऱ्यांचं म्हणणं एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत. गोव्याला गेलो सहा दिवस. ठेवताना मी विचारलंही होतं की नर-मादी वेगळे ठेवता ना, हो हो म्हणाले. परत आलो, सगळं छान. मग हळूहळू पोट. मी मोजलं, कुत्रीला दिवस भरायला लागतात ते ६३ दिवस बरोब्बर मागे गेलं की आम्ही कलंगुटला शॅकमध्ये बसलेलो निघतो. तीन पिल्लं झाली, एकाचे कान उभे, एक चक्क लांब नाकाचं. सासऱ्यांची हौस फिटली. त्या जागेला फोन केला तर म्हणे "मॅडम तिला माज येणार आहे हे तुम्ही सांगायला हवं होतं". हे मात्र खरं, तारीख जवळ आलीये हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आता ऑपरेशन झालंय.

नदीकाठ

ट्रेनिंगवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

जर्मन शेफर्ड, रुद्र, नऊ महिन्यांचा, दांडगा. लीशला खेचायचा, आईला एकदा पाडलं, त्यामुळे घरात रोज कटकट. एकाने सांगितलं कुत्रा आमच्याकडे द्या, ४५ दिवसांत सिट, डाऊन, स्टे, हील, सगळं करून परत देतो. तीस हजार. अट एकच, ४५ दिवस भेटायला यायचं नाही, "बॉन्डिंग बिघडतं". मला तेव्हा ते पटलं, आज विचार केला की मान खाली जाते. शाळेतसुद्धा पालकसभा असते.

परत आला तेव्हा खरंच सगळं करत होता. सिट म्हटलं की बसायचा, फाटकन. पाहुण्यांसमोर मी तीनचार दिवस मिरवलं. पाचव्या दिवशी बाबा फिरायला निघाले होते, त्यांनी दारामागच्या खिळ्यावरचा चामडी बेल्ट काढला, नुसता काढला, बकलचा आवाज झाला तेवढाच. रुद्र जागच्या जागी बसला आणि बसल्या बसल्या त्याला शू झाली. मग सरपटत दिवाणाखाली गेला. चाळीस किलोचा कुत्रा, त्या दिवाणाखाली मावतसुद्धा नाही, मागचे पाय बाहेर थरथरत होते. बाबा तो बेल्ट हातात घेऊन तसेच उभे. त्यांनी तो परत कधी लावला नाही, आता नाडीची पॅंट घालतात.

मग मानेवरचे केस बाजूला करून बघितलं, चोक चेनने (खेचली की गळ्याला आवळणारी साखळी) गोल पट्टा सोलून निघालेला, वरून केस वाढलेले म्हणून दिसत नव्हता. ट्रेनर म्हणाला, "जर्मन शेफर्डला थोडं कडक लागतंच सर."

पुढे एक ताई मिळाल्या, घरी येऊन शिकवायच्या, आठवड्यातून दोनदा, आणि शिकवायच्या खरं तर मला. खिशात उकडलेलं चिकन, लीश सैल, त्याने खेचलं की झाडासारखं उभं राहायचं, त्याने मागे वळून बघितलं की चिकन. बस. आठ महिने लागले, त्यातले पाच नुसते भीती घालवण्यात. आता कुणी विचारलं तर मी एवढंच म्हणतो की तुमच्यासमोर शिकवत नसेल तर देऊ नका. आणि ट्रेनरला विचारा की कुत्र्याने ऐकलं नाही तर तुम्ही काय करता. उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते बघा.

टपालपेटी

नदीकाठ, वाचून गलबलून आलं. बाबांना नमस्कार सांगा.

आमचा अनुभव चांगला आहे म्हणून तेवढाच टाकते. डोंबिवलीत एक रिटायर्ड काका-काकू होम बोर्डिंग करतात, एका वेळी दोनच कुत्रे, वनबीएचकेच आहे. काकूंनी आधी आमचीच मुलाखत घेतली. जेवतो काय, कशाला घाबरतो, सोफ्यावर चढतो का, चढत असेल तर इथेही चढू दे, मग एक रात्र ट्रायलला ठेवून घेतला. खऱ्या मुक्कामाला आम्ही त्याची मळकी चादर दिली, न धुता, काकूंनीच सांगितलं होतं, घरचा वास लागतो म्हणून. दहा दिवसांनी आणला तर दीड किलो वाढलेला आणि दुधात कुस्करलेल्या पोळीशिवाय तोंड लावेना. पुढचे पंधरा दिवस आम्हाला घरात काकूंशी तुलना सोसावी लागली.

उसातला_माणूस

मी स्वतः बोर्डिंग चालवतो, जुन्नर भागात, सहा वर्षं झाली. दुसरी बाजू पण ऐका.

आमच्याकडे पहिला प्रश्न गोचीड नाही, बिबट्या. चहूबाजूंनी ऊस आहे. त्यामुळे अंधार पडायच्या आत सगळी कुत्री पक्क्या खोलीत, आणि कुत्री मोकळी सोडायच्या आवाराला वरूनही जाळी, कारण सहा-सात फुटी भिंत त्याला काहीच नाही. तुम्ही फार्मवर ठेवत असाल, मुळशी असो की कर्जत, आधी वर बघा, छत आहे का ते. "मोकळ्या निसर्गात बागडतात" हे दिवसा ठीक आहे. दुसरं म्हणजे गेट. एक दार उघडून आत आलात की ते लागल्यावरच पुढचं उघडायला हवं. पळालेली कुत्री बहुतेक पहिल्या-दुसऱ्या दिवशीच पळतात, मालक दिसेना म्हणून शोधायला निघतात बिचारी. म्हणून पट्ट्यावर तुमचा फोन नंबर, आणि तुम्ही परदेशी चालला असाल तर इथल्या कुणाचा तरी.

भांडणं होतात ती जेवणाच्या वेळी आणि गेटपाशी. म्हणून आम्ही प्रत्येकाला वेगळं खायला घालतो आणि खाल्ल्यावर तासभर पळू देत नाही, मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडतो, रात्री पडला तर सकाळ बघत नाही.

आता तुमचं. लोक खोटं फार बोलतात. "कधीच चावत नाही", आणि माझ्या पोऱ्याच्या हाताला सहा टाके. "एकदम हेल्दी", आणि तिसऱ्या रात्री फिट, विचारलं तर म्हणे हो गोळी चालू होती, तुम्ही घेणार नाही म्हणून बोललो नाही. अहो, मी घेतला असता, गोळी दिली असती! फी कमी करून घ्या वाटल्यास पण एवढं लपवू नका.

परतीचा_पाऊस

आमचा पग गेला. मे महिना, लाईट गेली, इन्व्हर्टर ऑफिसच्या एसीला जोडलेला होता, शेडला नव्हता. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उकाडा सोसत नाही हे मला माहीत होतं, मी सांगितलंही होतं. तक्रार द्यायला गेलो तेव्हा वकील मित्राने १९६० चा प्राणी क्रूरता कायदा काढून दाखवला, पहिल्या गुन्ह्याला कलम ११ मध्ये दंड १० रुपये ते ५० रुपये. मी तो आकडा दोनदा वाचला.

जनरेटर आहे का विचारा आणि त्याची वायर कुठे जाते ते डोळ्यांनी बघा.

थेम्सकाठचा_थेंब

परतीचा पाऊस, फार वाईट वाटलं. काय बोलू.

मी इंग्लंडात रेडिंगला असते. इकडे घरगुती बोर्डिंगलासुद्धा कौन्सिलचं लायसन्स लागतं, २०१८ पासून माणूस येऊन तपासून एक ते पाच स्टार देतो. वेगवेगळ्या घरची कुत्री एकत्र ठेवायची असतील तर सगळ्या मालकांची लेखी परवानगी. म्हणून इकडे सगळं गुलाबी आहे असं नाही, चार स्टारवाल्या जागेतून माझी कोको आवाज बसेपर्यंत भुंकून आली होती. पण निदान बघायला एक कागद असतो. तुम्हाला तो कागद स्वतःच व्हावं लागतंय असं हा धागा वाचून वाटलं.

मूगभजी

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. आता तिसऱ्या जागेबद्दल. सिंहगड रोडच्या पुढे एक मावशी आणि त्यांचा मुलगा, आठ कुत्र्यांची सोय, पूल नाही की काही नाही. काल न सांगता गेले, संध्याकाळी साडेसातला. मावशी पातेल्यातून भात-चिकन वाढत होत्या, प्रत्येकाच्या वाटीवर चिकटपट्टीने नाव. मी सरळ म्हटलं की रात्री कुठे झोपतात ते बघायचंय. त्यांनी दार उघडलं तर खोलीत आठ पलंगड्या आणि नववी खाट, मुलाची, उशीवर कुत्र्याचे केस. भिंतीचे कोपरे बघितले (लाडूचे बाबा, मावशींनी विचारलं काही हरवलं का). जाळी वरूनही आहे, गेट मात्र एकच होतं, ते बोलले तर मुलगा म्हणाला महिनाअखेरीस दुसरं बसवतो. बसवलं की ॲडव्हान्स देईन म्हटलं. कुत्र्याने ऐकलं नाही तर काय करता, हेही विचारलं. मावशी लगेच म्हणाल्या, "काय करणार, मग आपणच त्याचं ऐकायचं."

नाकातली लस सोमवारी आहे. ट्रायलची रात्र पुढच्या शनिवारी, खंड्याची ठरली आहे, माझी झोप कुठे ठेवायची ते बघते.