कोथरूडचा जुना टू बीएचके रिनोव्हेट करायचाय: डिझायनर, कॉन्ट्रॅक्टर की ओळखीचा मिस्त्री?

चाफेकळी
नमस्कार मंडळी. आईबाबांचा कोथरूडचा फ्लॅट आहे, 1988 ची सोसायटी, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आपण पहिल्या मजल्यावर, कार्पेट साधारण 640 स्क्वेअर फूट. मी बंगळुरूला असते, दोघं सत्तरीच्या पुढे. काम टाळत टाळत इथवर आलोय पण आता बाथरूमची ओल खालच्या काकूंच्या छतात उतरली आहे, वरवर केमिकल मारून झालं, काही फरक नाही. वायरिंग मूळचंच, गीझर आणि मायक्रोवेव्ह एकदम लागले की फ्यूज जातो (हो, अजून फ्यूजच आहे, तार बांधायची कला बाबांकडेच). किचन अंधारं आहे म्हणून किचन आणि हॉलमधली भिंत काढायचं बाबांच्या डोक्यात बसलंय आणि आईचं म्हणणं फक्त ओटा उंच करा, बाकी तुमचं चालू द्या.

बजेट 12 लाख, ताणून 13. तीन कोटेशनं आलीत. एक इंटिरियर डिझायनर, टर्नकी (म्हणजे डिझाइनपासून कामापर्यंत सगळं तोच करणार) साडेपंधरा लाख, थ्रीडी व्ह्यू इतके देखणे की आई म्हणाली हे आपलं घर नाहीच. दुसरा कॉन्ट्रॅक्टर, 1500 रुपये स्क्वेअर फूट "सगळं धरून", म्हणजे 9 लाख 60 हजार. तिसरा बाबांच्या मित्राच्या ओळखीचा मिस्त्री, लेबर रेटने करतो, मटेरियल आपण आणून द्यायचं. कोणाला द्यावं? आणि काम चालू असताना आईबाबांनी तिथेच राहावं का? आई म्हणते एका खोलीत राहू, मला ते पटत नाहीये.

फुकटसल्ला
सगळ्यात आधी एक विचारतो, सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार नाहीये ना? कोथरूडमध्ये 88 ची बिल्डिंग म्हणजे बिल्डर आजूबाजूला घिरट्या घालतच असणार. गेल्या दोन एजीएमचे (वार्षिक सभांचे) मिनिट्स मागवा, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का विचारा. विषय नुसता चहापुरता असेल तर ठीक, पण टेंडर, पीएमसी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट) नेमणं वगैरे सुरू झालं असेल तर 12 लाख त्या भिंतींना लावू नका, गळती आणि वायरिंग करा आणि गप्प बसा.

सिव्हिलवाला
वरचा प्रश्न बरोबर आहे, तो आधी सोडवा. आता भिंतीचं. बाबांना सांगा हातोडा अजून बाजूला ठेवा. त्या काळातल्या पुण्यातल्या तीन चार मजली बऱ्याच बिल्डिंगा लोड बेअरिंग आहेत, म्हणजे कॉलम नाहीत, स्लॅबचं वजन भिंतींवर. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजा, प्लास्टरसकट दहा अकरा इंच भरली तर ती नवची भिंत (नऊ इंची वीटकाम), पाच साडेपाच सहा असेल तर साडेचारची. नवची निघाली तर विषय जवळजवळ संपला, पण साडेचारची निघाली म्हणून लगेच पाडा असंही नाही, वर बीम आहे की नाही ते स्ट्रक्चरल इंजिनियरनेच बघायचं. कॉर्पोरेशनचा लायसन्सवाला बघा, एका व्हिजिटची फी घेईल आणि लेखी देईल. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट असायला हवा, मॉडेल बायलॉजप्रमाणे 30 वर्षांच्या वरच्या बिल्डिंगचं दर तीन वर्षांनी करायचं असतं, तो मागा, त्यात तुमची बिल्डिंग कुठल्या प्रकारची आहे ते मिळेल. अंधाराचंच दुखणं असेल तर भिंत न पाडता ओट्याच्या वर सर्व्हिंग विंडो काढता येते, त्यालाही वर लिंटेल (वरच्या भिंतीचं वजन पेलणारा आडवा आधार) घालावा लागतो आणि इंजिनियरचा होकार लागतो, पण पूर्ण भिंत काढण्याच्या मानाने पुष्कळ सोपं काम. त्या भिंतीवर एमएनजीएलची (पाइप गॅस कंपनीची) गॅस लाइन असेल तर ती प्लंबरकडून हलवून घेऊ नका, कंपनीकडे अर्ज करायचा.

आता कोटेशनं. तुमची ही तीन कोटेशनं एकमेकांशी तुलनाच होत नाहीत. 1500 रुपये स्क्वेअर फूट कशावर? कार्पेटवर. आता बाथरूम बघा, 7 बाय 4 म्हणजे जमीन 28 फूट. पण भिंतीला सात फुटांपर्यंत टाइल लावली तर घेर 22 फूट गुणिले 7 म्हणजे 154, दार वजा केलं की साधारण 137, अधिक जमीन 28, झाले 165 स्क्वेअर फूट, तुटफूट धरून 180 मागवाल. म्हणजे त्याच्या हिशोबात 28 फुटांची खोली, प्रत्यक्षात 165 फुटांचं टाइलकाम, शिवाय फोडणं, वॉटरप्रूफिंग, पाइप. हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणून "सगळं धरून" मध्ये नंतर एक एक गोष्ट एक्स्ट्रा आयटम होत जाते. आयटमवाईज मागा: फोडणं आणि डेब्रिज (राडारोडा) टाकणं वेगळं, वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग, टाइल किती फूट आणि टाइल कोण आणणार, इलेक्ट्रिकचे पॉइंट किती, सुतारकाम, रंग. प्रत्येकापुढे मेजरमेंट आणि ब्रँड. प्लायवुडला "चांगलं प्लाय" लिहून देतात, ते चालणार नाही, किचनच्या खालच्या कपाटांना आयएस 710 चं, म्हणजे बीडब्ल्यूपी (पाण्यात सगळ्यात जास्त टिकणारं), बाकी फर्निचरला आयएस 303 चं बीडब्ल्यूआर (त्याच्या खालोखाल), आणि शीटवर शिक्का स्वतः बघायचा. सुतारकामात अजून एक, कपाटाचा रेट दर्शनी मापावर की आतले कप्पे पण मोजून? 7 बाय 7 च्या कपाटाचे एकाकडे 49 फूट होतात आणि दुसरा आतले उभे आडवे सगळे मोजून बिल फुगवतो. जीएसटी 18 टक्के आत की वर, तेही तिथेच लिहून घ्या.

मधलीआळी
लेबर रेटवाल्या मिस्त्रीबद्दल बोलते. माणूस चांगला असेलही, पण लेबर रेट म्हणजे रोज सकाळी "ताई सिमेंट संपलं", "ताई नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जमिनीतलं पाणी जायचं भांडं) चार इंची पाहिजे होता", आणि तुम्ही बंगळुरूला. सत्तरीच्या बाबांनी जिना उतरून हार्डवेअरच्या दुकानात चकरा मारायच्या का? घरातलं एक माणूस पूर्ण वेळ साइटवर असेल तरच ते परवडतं. आमच्या सदाशिव पेठेतल्या घराचं तसंच केलं, पण तेव्हा दीर व्हीआरएस घेऊन घरीच होते आणि त्यांना हौसही होती.

डिझायनरचं म्हणाल तर टर्नकी नको, फीवर काम करणारा शोधा. म्हणजे ड्रॉइंग, आयटमची यादी आणि ठरलेल्या साइट व्हिजिट एवढ्याचे पैसे घेईल, काम दुसरा करेल. मग त्याच यादीवर तीन कॉन्ट्रॅक्टरांनी भाव भरायचे. जो काम विकतो तोच काम तपासतो, तिथे गोची होते. आर्किटेक्ट असेल तर काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा रजिस्ट्रेशन नंबर विचारा, 1972 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्याला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. इंटिरियर डिझायनरला असली काही सक्तीची नोंदणी नाही, त्यामुळे तिथे जुनी कामं बघणं हाच उपाय, आणि नवीन झालेलं घर नका बघू, दोन पावसाळे काढलेलं बघा, तिथल्या बाईंना कपाटाचे बिजागर आणि बाथरूमचे कोपरे विचारा. दुकानदाराकडून कमिशन घेता का हे तोंडावर विचारायचं, चिडला तर उत्तर मिळालं.

चाफेकळी
बापरे, केवढं कामाचं लिहिलंत. बाबांना विचारलं, रिडेव्हलपमेंटचा ठराव नाही, सात आठ जण तयारच नाहीत, म्हणजे चारपाच वर्षं तरी निवांत. भिंत मोजली, साडेदहा इंच. बाबा हिरमुसलेत पण सर्व्हिंग विंडोवर मन वळतंय, तरी इंजिनियरला बोलावतेच आहे. 1500 वाल्याकडे आयटमवाईज मागितलं तर म्हणाला मॅडम एवढं लिहून देत बसलो तर काम कधी करू, त्याला राम राम. गळतीचं मात्र नीट सांगा ना कोणीतरी, तिथे पुन्हा फसायचं नाहीये.

सिव्हिलवाला
आधी गळती कुणाची ते ठरवा. बाहेरची कॉमन ड्रेनेज लाइन गळत असेल तर तो खर्च सोसायटीचा, फ्लॅटच्या आतली तुमची. दोन दिवस बाथरूम अजिबात वापरू नका आणि काकूंकडची ओल बघा. सुकायला लागली तर आतलं, तशीच राहिली तर बाहेरच्या पाइपकडे बोट दाखवता येईल.

आतलं असेल तर वरून लेप लावून भागत नाही. टाइल, खालचा कोबा, सगळं स्लॅबपर्यंत काढायचं, जुने गंजलेले जीआयचे (लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसी, ड्रेनेजला यूपीव्हीसी (दोन्ही प्लास्टिकचे), मग पाइपांना प्रेशर टेस्ट, ट्रॅपभोवतीची गोलाई नीट भरून घ्यायची (बहुतेक गळती तिथूनच), कोटिंग भिंतीवर किमान फूटभर वर चढवायचं, त्यावर कोबा. टाइल लावायच्या आधी ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवायचं, 48 तास, पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने मार्क करायची आणि दोन दिवसांनी काकूंच्या छतासकट बघायची. मिस्त्री घाई करेल, "चोवीस तास बास झाले", ऐकायचं नाही. पाइप झाकायच्या आधी टेप धरून फोटो काढून ठेवा, पुढे टॉवेल रॉडला ड्रिल मारताना उपयोग होतो.

फ्लोरिंग बदलणार असाल तर जुन्या फरशीवर नवा कोबा घालून दुसरी फरशी नको. दोन इंची मसाला म्हणजे चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास वजन, नव्या फरशीचं वेगळं, आणि खाली 88 चा स्लॅब. काढून बसवा, नाहीतर फरशी शाबूत असेल तर पॉलिश करून घ्या, मोझॅक सुंदर होतं.

वायरिंगला लाइटला दीड स्क्वेअर एमएम, प्लगला अडीच, गीझर आणि एसीला चार, तांब्याची, आणि 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच). अर्थिंग चेक करून घ्या, आरसीसीबी लावला की अर्थिंग नको असं सांगणारे भेटतात. लोड वाढणार असेल तर महावितरणकडे अर्ज करून मंजूर लोड वाढवून घ्या.

पोळपाट
ओट्याचं मी सांगते कारण हे पुरुष सगळे 34 इंच म्हणून मोकळे होतात. आईला तिच्या नेहमीच्या चपला घालून उभं करा, कोपर दुमडायला सांगा, कोपरापासून चार इंच खाली मार्क करा, तिथे फळी धरा आणि तिला खरंच दोन पोळ्या लाटायला लावा. खांदे वर जात असतील तर उंच झाला, कंबर वाकत असेल तर ठेंगणा. जमत असेल तर गॅसचा भाग इंच दोन इंच खाली ठेवा, मोठ्या पातेल्यात ढवळायला बरं पडतं.

बाथरूमला उंबरा ठेवू नका, उतार नीट काढला तर पाणी बाहेर येत नाही. कमोडजवळ आणि शॉवरपाशी धरायला दांडा, तो टाइल लावल्यावर सुचला तर फार जड जातं, त्यामुळे जागा आत्ताच ठरवा. टाइल मॅट, दार बाहेर उघडणारं, आत उघडणारं असलं आणि आत कोणी पडलं तर ते ढकलून उघडता येत नाही. पलंगाजवळ टू वे स्विच. हे सगळं मिळून तुमच्या त्या थ्रीडी व्ह्यूपेक्षा स्वस्तात होतं.

आणि नका ठेवू हो त्यांना तिथे. फोडाफोडीची धूळ कपाटातल्या साडीपर्यंत जाते, बाथरूम महिनाभर बंद, जवळपास एक खोली भाड्याने घ्या तेवढे दिवस.

चाफेकळी
पोळपाट ताई, आईला वाचून दाखवलं, तिने लगेच फळी काढली. मी एक आर्किटेक्ट बघितली आहे, फीवर काम करते, रजिस्ट्रेशन तपासलं, यादी ती करेल आणि दर आठवड्याला साइटवर जाऊन फोटो टाकेल. यादीवर भाव भरायला त्या मिस्त्रीलाही सांगितलं आहे, विथ मटेरियल जमतं का बघू. पैसे कसे द्यायचे? आणि सुरुवात कधी करू, पावसाळा तोंडावर आलाय.

मधलीआळी
अॅडव्हान्स दहापंधरा टक्क्यांच्या वर देऊ नका. मग टप्पे: फोडणं आणि पाइप झाले की एक, पाण्याची टेस्ट पास झाली की दुसरा, टाइल, सुतार, रंग असं. शेवटचे दहा टक्के महिनाभर वापरून झाल्यावर, आणि हे कोटेशनवरच लिहून सही घ्यायची, तोंडी नाही. पावसाळ्यात सुतारकाम आणि रंग टाळा, प्लाय ओल धरतं. आत्ता यादी, भाव, ठरवाठरव करा, फोडणं आणि बाथरूम गणपतीनंतर, फर्निचर दिवाळीनंतर. दिवाळी छटला बरेच कारागीर गावी जातात, परत कधी येतील ते आधी विचारून घ्या.

फुकटसल्ला
सोसायटीची लेखी एनओसी विसरू नका, आणि तोडफोडीची वेळ त्यात लिहून घ्या, आमच्याकडे दुपारी दोन ते चार बंद. लिफ्ट नसल्याने डेब्रिज गोणीत भरून जिन्यानेच खाली येणार, तो रेट कोटेशनमध्ये वेगळा असू द्या आणि टेम्पो त्याच दिवशी न्यायला हवा, नाहीतर पार्किंगमध्ये ढीग पडला की सेक्रेटरी तुम्हाला बंगळुरूला फोन करेल.