बेरोजगारीचा दर कमी असतानाही लोकानुनयी राजकारण का फोफावते?

पूर्वभाग_विद्यार्थी (प्रश्न)

मी सोलापुरात अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. श्रमबाजाराची स्थिती आणि लोकानुनयी राजकारणाचा उदय यांचा संबंध हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे आणि पहिल्याच प्रकरणात मी अडलो आहे. बेरोजगारी वाढली की लोक जुन्या पक्षांना सोडून ‘आम्ही खरी जनता, ते वरचे लबाड’ अशी मांडणी करणाऱ्या नेत्याकडे वळतात, असे गृहीतक मी धरले होते. पण आकडे साथ देत नाहीत. नोव्हेंबर २०१६ मध्ये ट्रम्प निवडून आले तेव्हा अमेरिकेतील बेरोजगारीचा दर ५ टक्क्यांच्या खाली होता. उलट स्पेनमध्ये २०१३ साली तो २६ टक्क्यांच्या आसपास होता, तरी त्याच वर्षी स्थापन झालेल्या व्हॉक्स या कडव्या उजव्या पक्षाला तिथल्या लोकसभेत शिरायला २०१९ साल उजाडले आणि तोवर बेरोजगारी बरीच उतरली होती. आपल्याकडे २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात हा दर अवघा ३.२ टक्के आहे. तो खरा मानला, तर दर रविवारी संध्याकाळी पुण्याच्या गाडीला लोंबकळत जाणारी आमच्या पेठेतली मुले कशासाठी जातात, हे मला समजावून सांगता येत नाही. गृहीतक चुकले आहे की मोजमाप?

निवृत्त_प्राध्यापक

मोजमाप चुकले आहे, असे माझे मत आहे. मात्र आधी शब्दाचा घोळ मिटवा. आपल्या वर्तमानपत्रांत ‘लोकानुनय’ म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर केलेली खैरात. अभ्यासक ज्याला पॉप्युलिझम म्हणतात, तो म्हणजे समाजाची ‘शुद्ध जनता’ आणि ‘भ्रष्ट अभिजन’ अशी उभी फाळणी करून जनतेच्या वतीने बोलण्याचा मक्ता आपल्याकडेच असल्याचा दावा. श्रमबाजाराचा परिणाम दोहोंवर होतो, पण वेगवेगळ्या वाटांनी.

बेरोजगारीचा दर फक्त काम शोधूनही न मिळालेल्यांना मोजतो. कारखान्यातली कायम नोकरी जाऊन गोदामात कमी पगारावर लागलेला माणूस त्या हिशेबात सुखी ठरतो, आणि शोधून थकलेला तर हिशेबातूनच बाहेर पडतो. अमेरिकेत २००० साली कारखानदारीत सुमारे १ कोटी ७० लाख लोक होते. २०१० पर्यंत ते १ कोटी १५ लाखांवर आले. चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाल्यानंतरच्या आयातीचा यात मोठा वाटा होता. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी जिल्हावार पाहणी करून दाखवले की ज्या गावांवर ही आयात कोसळली तिथे पर्यायी कामे फारशी उभी राहिली नाहीत आणि पाठ्यपुस्तकात लिहिल्याप्रमाणे माणसेही गाव सोडून गेली नाहीत. पुढे त्याच भागांत मतांचा कल बदलला. ब्रिटनबाबत कोलान्तोने आणि स्तानिग या अभ्यासकांचा निष्कर्षही याच जातीचा आहे: चिनी आयातीची झळ जिथे अधिक, तिथे २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने मते अधिक. देशाच्या सरासरीत हे दिसत नाही, कारण लंडनची भरभराट आणि उत्तरेकडची पडझड एकाच बेरजेत जाते.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जर्मनीत १९२८ साली नाझींना २.६ टक्के मते होती आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के, मधल्या काळात बेरोजगारांची संख्या ६० लाखांवर गेली होती. यावरून बेरोजगारांनी हिटलरला निवडले असे सर्रास सांगितले जाते. मतदारसंघांच्या बारकाईने झालेल्या अभ्यासांतून मात्र दिसते की काम गमावलेले मजूर अधिक करून कम्युनिस्टांकडे गेले, तर नाझींना बळ दिले ते छोटे दुकानदार, कारागीर आणि शेतकरी यांनी, ज्यांचा धंदा अजून चालू होता, पण पायाखालची वाळू सरकत होती. पडलेला माणूस आणि पडण्याच्या धास्तीने जगणारा माणूस यांचे राजकारण एक नसते. हे सारे आर्थिक नसून सांस्कृतिक आहे, असे म्हणणाऱ्या नॉरिस आणि इंगलहार्ट या अभ्यासकांची बाजूही तुम्ही वाचा. मला तो वाद थोडा कृत्रिम वाटतो, कारण ज्या माणसाचे काम गेले त्याची गावातली पतही त्याच दिवशी गेलेली असते.

मागवाला

सरांच्या शेवटच्या वाक्याला मी घरचा दाखला देतो. माझे वडील गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि नंतर कायम झाले. गिरणी बंद पडल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ते अक्कलकोट रस्त्याकडच्या एका टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर उभे राहिले, म्हणजे सर्वेक्षणाच्या भाषेत ते एक महिनाही बेरोजगार नव्हते. पण गिरणीत त्यांच्याकडे हजेरीचे कार्ड होते, भविष्यनिर्वाह निधी होता आणि भोंग्याला पाळी सुटत असे. मागावर नगाप्रमाणे मजुरी, वीज गेली की तो वेळ आपला, आणि मालकाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाण्याची सोय नाही. गिरणीच्या जेवणाच्या डब्याची पिशवी त्यांनी मागावर कधीच नेली नाही. कारण विचारले तर चिडत.

एक गोष्ट मात्र सरांनी मांडलेल्या चित्रात नाही. गिरणी होती तोवर मत कुणाला द्यायचे याची चर्चा युनियनच्या बैठकीत होत असे, वाद होत, कधी हातघाईही होई; पण रागाला पत्ता होता. माग पेठापेठांत विखुरलेले, एकेका शेडमध्ये मोजकी माणसे, तिथे कोण कुणाला गोळा करणार? मग मोठ्या सभेत नेत्याने एका वाक्यात सांगितले की तुमचे काम अमक्यांनी पळवले, तर ते पटते, कारण दुसरे कुणी काही सांगतच नाही. मुंबईत १९६६ साली शिवसेना निघाली ती कचेऱ्यांतल्या नोकऱ्या दक्षिणेकडच्यांनी बळकावल्या या तक्रारीवर. आमचे पणजोबा तेलंगणातून हातमागावर पोट भरायला इथे आले, आणि आज आमच्याच शेडमध्ये बाहेरून आलेल्या मजुराला ‘परका’ म्हणणारे आम्हीच आहोत.

पूर्वभाग_विद्यार्थी

दोघांचाही आभारी आहे. म्हणजे दराऐवजी कामाचा दर्जा मोजावा आणि कामगार व नेता यांच्यामध्ये कोण उभे आहे तेही पाहावे, असे दिसते. दुसरी गोष्ट मोजायची कशी?

विडीकामगाराची_मुलगी

माझी आई सूप मांडीवर घेऊन आजही विड्या वळते, म्हणून लिहिते. शहरातल्या हजारो विडी कामगार स्त्रियांचे काम गिरणीसारखे एका छताखाली नाही. पाने भिजवणे, कातरणे, वळणे सगळे घरात चालते. दादांच्या तर्काप्रमाणे याही विखुरलेल्याच. तरीही कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीत १० हजार घरे उभी राहिली, आणि रे नगर या कामगार वसाहतीतल्या ३० हजारांपैकी १५ हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. त्यामागे युनियनचे बरेच जुने मोर्चे आहेत आणि त्याच जोरावर कामगार नेते नरसय्या आडम तीन वेळा आमदार झाले. त्यामुळे विखुरलेपण हे संपूर्ण उत्तर नव्हे. रोज विड्या मोजून द्यायला बायकांना कारखान्यात जावेच लागते. नापास विड्यांवरून भांडण तिथेच होते आणि त्या रांगेतच संघटना बांधली जाते.

सरांच्या ‘खैरात’ या शब्दावर मात्र माझा आक्षेप आहे. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये लागू झाले आणि नोव्हेंबरात निवडणूक झाली, हे खरे. पण आईच्या दृष्टीने हा पहिलाच पैसा असा होता की ज्यातून कुणी नापास म्हणून कापले नाही. हजारी (हजार विड्यांमागे मिळणारी) मजुरी वाढवून घ्यायला वर्षे जातात, आणि मिळालेली वाढ सगळे कारखाने देतीलच असे नाही. ज्या बाजारात घाम गाळून ठरलेली मजुरी मिळण्याची खात्री नाही, तिथे थेट खात्यावर येणाऱ्या रकमेचे वजन तिच्या आकड्याहून मोठे होते. त्याच वेळी हेही दिसते की या पैशासाठी रांगेत कुणाशी बोलावे लागत नाही. आई पूर्वी युनियनच्या बाई काय म्हणाल्या ते घरी सांगत असे; आता ती मोबाइलवरचा संदेश मला वाचायला देते.

मोजायचे असेल तर एकच प्रश्न विचारा: मजुरी अडली तर तुम्ही आधी कुणाकडे जाता? युनियन, नगरसेवक, जातीचे पंच, मालकाचा माणूस, की कुणाकडेच नाही? मग कुणाला मत दिले हे विचारण्याची फारशी गरज राहणार नाही. तसेही ते कुणी खरे सांगत नाही. आणि प्रश्नावली तेलुगूतही छापा, नाहीतर आमच्या गल्लीत उत्तरे सासूबाई सांगतील आणि लिहून देईल शाळेतला नातू.