डबलबारीच्या कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायच्यात, सल्ला हवाय

मालवणी_चेडू:
मंडळी, गावच्या घरी माळ्यावर बाबांच्या भजनी मंडळाच्या डबलबारीच्या (दोन बुवांचा भजनाचा सामना) कॅसेट सापडल्यात, ट्रंक भरून. देवळात टेप ठेवून केलेलं रेकॉर्डिंग, नव्वदीतलं. काहींवर पांढरी बुरशी आहे. दुकानवाला म्हणतो कॅसेटमागे पैसे द्या, एमपीथ्री करून देतो. द्याव्यात का घरीच जमेल? तो यूएसबीवाला कॅसेट प्लेअर कसा असतो?

टेपवेडा:
घरीच कर गं. यूएसबी प्लेअर नको, बहुतेक हलक्या प्रतीचे असतात, स्पीड डुगडुगतो, पखवाज एकवेळ निभावेल पण पेटीचा सूर हेलकावायला लागला की ऐकवत नाही. ओळखीत कोणाचा जुना बरा डेक मिळतो का बघ. त्याच्या मागच्या लाइन-आउटमधून लाल-पांढरी केबल बेहरिंजर यूसीए२०२ सारख्या छोट्या डबीत, आणि डबी यूएसबीला. लॅपटॉपच्या जॅकमध्ये थेट घालू नकोस, तो हेडसेटचा, त्यातला माइक मोनो असतो नि आवाज फाटतो. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट आहे.

आणि आधी प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान मोडून टाक, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी भजन पुसणार नाही.

बुवा_ठाणेकर:
+१. लेव्हल लावताना सुरुवातीच्या संथ अभंगावर जाऊ नकोस, पुढे गजर चढला की ऑडॅसिटीच्या मीटरवर सगळं लाल होतं. गजर वाजवून बघ आणि सगळ्यात मोठा आवाज -६ डीबीच्या आसपास ठेव. आवाज दबका वाटला तर हेडच्या (डेकमधला टेप वाचणारा भाग) बाजूचा बारीक स्क्रू हलक्या हाताने फिरवायचा, झांज खणखणीत ऐकू येईपर्यंत. वेगवेगळ्या टेपरेकॉर्डरवर रेकॉर्ड केलेल्या कॅसेटना तो दरवेळी थोडा हलवावा लागतो, आणि हे काम कुठलाच दुकानवाला करत बसत नाही!

मूळ कॉपी वेव किंवा फ्लॅकच ठेव, त्यात एमपीथ्रीसारखा आवाज कापला जात नाही. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट घेतलंस तर वेव मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला ६०० एमबी, फ्लॅक त्याच्या निम्म्याच्या आसपास. खरखर काढायची ती दुसऱ्या कॉपीवर. जास्त काढलीस तर झांज पाण्यातून आल्यासारखी वाटते.

मालवणी_चेडू:
धन्यवाद दोघांनाही! आणि बुरशीवाल्यांचं काय? त्याच ट्रंकेत बाजारातल्या विकत घेतलेल्या पण कॅसेट आहेत, त्यापण करू का?

टेपवेडा:
विकतच्या मागे ठेव, त्यातलं बरंचसं ऑनलाइन मिळतं. बाबांच्या आधी. एक कॅसेट म्हणजे एक तास, घाई चालत नाही. बुरशीवाल्या वेगळ्या पिशवीत, मास्क लावून हाताळ, आणि चांगल्या कॅसेट संपेपर्यंत डेकमध्ये घालूच नकोस, नाहीतर ती घाण हेडवरून बाकीच्यांना लागेल. स्क्रूवाल्या असतील तर टेप काढून कोऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवता येते. दर कॅसेटनंतर हेड इअरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस.

मालवणी_चेडू:
मेडिकलातलं स्पिरिट चालेल?

टेपवेडा:
नको, त्यात कधीकधी तेल असतं. आयसोप्रोपिलच माग, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल.

बुवा_ठाणेकर:
आणि फाइलला नाव देताना बाबांना शेजारी बसव, बारी कुठल्या गावची, समोर बुवा कोण, पखवाजावर कोण, ते तेच सांगतील. एखादा गजर इथे टाक की, ऐकू.