सल्ला हवा आहे: 'लक्ष्मीबाई' या एकाच नावाने जोडलेली निरनिराळ्या प्रकारची पुस्तके

गोदाकाठ:

नमस्कार. नाशिकमधील आमच्या लहानशा वाचनगटाने येत्या वर्षासाठी असे ठरवले आहे की एकच व्यक्तिनाव निवडायचे आणि त्या नावाने जोडली गेलेली, परंतु वाङ्मयप्रकाराने एकमेकांपासून दूर असलेली पुस्तके क्रमाने वाचायची. आजवर आम्ही लेखक किंवा कालखंड धरून वाचत आलो. त्यात आत्मचरित्राची आवड असणारे पाककृतीच्या पुस्तकाकडे वळत नाहीत आणि नाटक वाचणारे प्रवासवर्णनाला हात लावत नाहीत. नावाच्या निमित्ताने ही सवय मोडावी, अशी आमची इच्छा आहे.

बऱ्याच चर्चेनंतर 'लक्ष्मीबाई' हे नाव पक्के झाले. लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे', लक्ष्मीबाई धुरंधर यांचे १९१० साली प्रथम प्रसिद्ध झालेले 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' आणि दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली लिहिलेले झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाईसाहेबांचे चरित्र ही तीन पुस्तके आमच्यासमोर आहेत. आत्मचरित्र, पाकशास्त्र आणि इतिहास असे तीन प्रकार त्यात आले. नाटक, काव्य, कादंबरी आणि प्रवासवर्णन यांसाठी आपण काय सुचवाल? कोणत्या आवृत्त्या घ्याव्यात आणि कोणत्या क्रमाने वाचावे, हेही सांगावे. शिवाय गटात एक मतभेद आहे. लेखिकेचे नाव लक्ष्मीबाई असलेलीच पुस्तके धरावीत, की जिच्याविषयी लिहिले आहे तिचे नाव लक्ष्मीबाई असले तरी चालावे, यावर आपले मत वाचायला आवडेल.

पाटीपेन्सिल:

गोदाकाठताई, नाव फार चांगले निवडले आहे. ते का चांगले आहे, हे आधी सांगतो, कारण त्यातूनच आपल्या मतभेदाचे उत्तर मिळेल असे मला वाटते.

काशीत जन्मलेली मोरोपंत तांबे यांची मुलगी मनकर्णिका १८४२ साली गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह होऊन झाशीला आली आणि लक्ष्मीबाई झाली. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेली गोखल्यांची मुलगीही मनकर्णिकाच होती, आणि वयाच्या अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी विवाह झाल्यावर तीही लक्ष्मीबाई झाली. म्हणजे हे नाव दोघींनाही सासरच्या उंबरठ्यावर मिळाले. घरात येणाऱ्या सुनेला लक्ष्मी म्हणण्याच्या रीतीमुळे आपल्या समाजात किती लक्ष्मीबाई होऊन गेल्या असतील, याची गणती नाही, आणि त्यांतील बहुतेकींचा एकही शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही. म्हणूनच ज्यांनी स्वतः लिहिले त्या आणि ज्यांच्याविषयी इतरांना लिहावेसे वाटले त्या, अशा दोन्ही लक्ष्मीबाई या मांडणीत असाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता 'स्मृतिचित्रे'विषयी. या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ साली आला आणि शेवटचा भाग १९३६ साली, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या निधनाच्या वर्षी. साहित्य अकादमीसाठी त्यांचे चिरंजीव देवदत्त नारायण टिळक यांनी केलेली संक्षिप्त आवृत्ती सहज मिळते, परंतु गटाने वाचायचे असेल तर कृपया संपूर्ण ग्रंथच घ्यावा. या पुस्तकाचे सामर्थ्य मोठ्या घटनांपेक्षा त्यांच्या आजूबाजूच्या तपशिलांत आहे आणि संक्षेपात नेमके तेच हरवतात. आरंभीची पाने तर आपल्या विषयासाठी फारच महत्त्वाची आहेत. १८५७च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे असे वेड लागले की बाहेरून घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत येईना. राणीच्या युद्धाचे आणि या जलालपूरच्या घराचे वर्ष एकच आहे. इतिहासग्रंथात जे साल लढायांचे म्हणून येते, तेच साल येथे एका घरातल्या बायकामुलांच्या हालांचे मूळ म्हणून भेटते. पारसनीसांचे चरित्र आणि ही पाने पाठोपाठ वाचली तर दोन्ही पुस्तके अधिक कळतील.

टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर पतिपत्नी काही वर्षे एकमेकांपासून दूर राहिली आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही तोच धर्म स्वीकारला. हा सारा भाग वाचताना घाई करू नये. पतीवर रागावलेली, त्याच्यावाचून तळमळणारी, सोवळ्याओवळ्याचे बंध एकेक करून स्वतःच्या विचाराने सोडणारी ही बाई कोठेही स्वतःला थोर म्हणवत नाही. इतके निर्मळ गद्य मराठीत फार थोड्यांनी लिहिले आहे. अहमदनगरच्या त्यांच्या घरी राहिलेले बालकवीही या ग्रंथात भेटतात.

काव्यासाठी बाहेर जाण्याचीही गरज नाही. टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले. आत्मचरित्र लिहिणारी आणि महाकाव्याच्या ओव्या रचणारी लेखणी एकच आहे, हे त्या वाचताना विसरायला होते. ते सबंध वाचणे कठीण वाटल्यास निवडक अध्याय मोठ्याने वाचावेत. ओवी कानांनीच अधिक कळते.

मोडीवाचक:

प्रवासवर्णनासाठी एकच नाव सुचवतो आणि ते टाळू नये अशी विनंती करतो: विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'.

पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक ब्राह्मण. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे भरपूर दक्षिणा मिळेल, असे ऐकून घरचे कर्ज फेडण्याच्या आशेने ते आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या वणव्यात सापडले. सर ह्यू रोजच्या सैन्याने १८५८च्या मार्च-एप्रिलमध्ये झाशीला वेढा देऊन शहर घेतले, तेव्हा ते झाशीतच होते. राणीची दिनचर्या, तिचा व्यायाम, घोड्यांची पारख, कधी पुरुषी वेष करून दरबारात बसणे आणि न्याय देणे हे सारे त्यांनी जवळून पाहून लिहिले आहे. त्यांना राजकारण सांगायचे नव्हते. आपण काय पाहिले, कोठे जेवलो, किती मिळाले आणि किती लुटले गेले, एवढेच ते सांगतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो. झाशी पडल्यानंतर तेथील ग्रंथसंग्रहाची जी नासधूस झाली तिचे वर्णन तर आपणा ग्रंथप्रेमींना वाचवत नाही. पुढे काल्पीच्या वाटेवर, पराभवानंतर तहानलेली राणी त्यांना विहिरीपाशी भेटते. मी अर्ध्या शेर तांदळाची धनीण, मला विधवेला या उठाठेवीची गरज नव्हती, अशा आशयाचे तिचे बोलणे तेथे येते. राणीविषयी लिहिलेल्या शेकडो पानांपेक्षा मला तो एक परिच्छेद मोलाचा वाटतो.

आवृत्तीविषयी सावध राहावे. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली हे पुस्तक प्रथम प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी भाषेवर संस्कार केले आणि मजकुरातही फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती १९६६ साली आली. वाचायला वैद्यांची प्रत सोपी आहे, परंतु गोडसे भटजींचा खरा आवाज पोतदारांच्या प्रतीत आहे. गटातील एखाद्याने तरी दुसरी प्रत हाताशी ठेवावी आणि झाशीची प्रकरणे ताडून पाहावीत.

इंग्रजी चालत असेल तर जॉन लँग या वकिलाचे १८५९ साली प्रसिद्ध झालेले हिंदुस्थानातील भ्रमंतीचे पुस्तकही पाहावे. संस्थान खालसा झाल्यानंतर १८५४ साली राणीने त्याला सल्ल्यासाठी झाशीला बोलावले होते. त्याचा सूर मला रुचत नाही, तरी पडद्याआडून बोलणाऱ्या राणीची भेट युद्धापूर्वीची असल्याने तिला महत्त्व आहे.

फोडणी:

धुरंधरांच्या पुस्तकाविषयी कोणीतरी आवर्जून लिहावे म्हणून मी लिहिते, कारण अशा याद्यांमध्ये पाककृतीचे पुस्तक नवलाई म्हणून येते आणि न वाचताच बाजूला ठेवले जाते.

'गृहिणीमित्र' हे कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'च्या साठ वर्षे आधीचे आहे. स्वयंपाक आईकडून किंवा सासूकडून शिकायचा, त्याला पुस्तक कशाला, असा प्रश्न विचारला जाण्याच्या काळात एका स्त्रीने एक हजार कृती छापील रूपात मांडल्या, यातील धीटपणा लक्षात घ्यावा. लेखिका पाठारे प्रभू समाजातील असल्याने शाकाहारी पदार्थांच्या बरोबरीने मासळी आणि मटणही येथे मोकळेपणाने येते. 'जुने मराठी जेवण' म्हणजे केवळ वरणभात, हा समज त्यामुळे आपोआप दूर होतो. आपल्या गटाला मी असे सुचवेन की हे पुस्तक 'स्मृतिचित्रे'नंतर लगेच घ्यावे. एका लक्ष्मीबाईच्या माहेरी सोवळ्याने स्वयंपाकघर कसे वेठीला धरले होते, ते वाचल्यावर दुसऱ्या लक्ष्मीबाईचे हे भरलेले, उदार स्वयंपाकघर पाहावे. त्यातील एखादा पदार्थ प्रत्येकीने घरी करून आणावा. मापे जुन्या शेर-तोळ्यांच्या काळातली आहेत आणि चूल गृहीत धरलेली आहे, त्यामुळे पहिल्यांदा थोड्या प्रमाणात करून पाहावे.

रंगपट:

नाटकासाठी वि. वा. शिरवाडकरांचे 'वीज म्हणाली धरतीला' घ्यावे. ते नाशिकचेच असल्याने आपल्या गटाला प्रती मिळणे अवघड जाऊ नये. भूमिका वाटून घेऊन अभिवाचन केल्यास त्यातील भाषेचा जोर कळेल. मराठी कवितेत भा. रा. तांबे यांची 'हिंदबांधवा, थांब या स्थळी' आहेच, आणि तिच्या शेजारी सुभद्राकुमारी चौहान यांची हिंदी कविता वाचावी.

कादंबरीच्या बाबतीत मराठीबाहेर जावे, असे मी म्हणेन. वृंदावनलाल वर्मा यांची १९४६ची हिंदी कादंबरी झाशीतच राहणाऱ्या लेखकाची आहे. महाश्वेता देवींचे १९५६चे बंगाली पुस्तक त्यांचे पहिलेच. त्यासाठी त्या स्वतः झाशीच्या परिसरात हिंडल्या आणि लोकांच्या तोंडची गाणी व आठवणी त्यांनी गोळा केल्या. दोन्हींपैकी एकच घ्यायचे झाल्यास महाश्वेता देवींचे घ्यावे. त्याला कादंबरी म्हणावे की चरित्र, यावर गटात चांगली चर्चा होईल.

अनुक्रमणिका:

वरील सर्व सूचनांशी मी सहमत आहे. एक गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही, ती नोंदवतो. 'माझा प्रवास' लिहिणारे विष्णुभट आणि 'वीज म्हणाली धरतीला' लिहिणारे शिरवाडकर, दोघांचेही नाव विष्णू. पुढच्या वर्षी आपण हेच नाव घेऊ शकाल, कारण प्रकारांची विविधता येथे आणखी मोठी आहे. निबंधासाठी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची १८७४ साली सुरू झालेली 'निबंधमाला', राज्यव्यवस्थेच्या विचारासाठी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचा १८६७चा 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध', संगीतशास्त्रासाठी विष्णु नारायण भातखंडे यांचे 'हिंदुस्थानी संगीत पद्धती', कादंबरीसाठी विष्णु सखाराम खांडेकरांची 'ययाति' आणि नाटकासाठी विष्णु वामन शिरवाडकरांचे 'नटसम्राट'. विष्णुबुवांचा निबंध लहान आहे, पण सर्व प्रजेचे एक कुटुंब मानून सामाईक जमीन आणि सामाईक धान्य यांची त्यांनी केलेली कल्पना आजही वाचणाऱ्याला थांबवते.

पाटीपेन्सिल यांनी विवाहानंतर बदललेल्या नावांविषयी लिहिले आहे. पुरुषांची नावे दत्तक जाताना बदलत. खांडेकर जन्माने गणेश आत्माराम होते आणि शिरवाडकर गजानन रंगनाथ. दत्तक गेल्यावर दोघेही विष्णू झाले, आणि पुढे मराठीला मिळालेले पहिले दोन ज्ञानपीठ पुरस्कार या दोन विष्णूंचेच आहेत. झाशीच्या राजघराण्यातही हेच घडले होते. गंगाधररावांनी दत्तक घेतलेल्या आनंदरावाचे नाव दामोदरराव ठेवले गेले, आणि ते दत्तविधान कंपनी सरकारने मान्य केले नाही म्हणूनच १८५४ साली झाशी खालसा झाली. पारसनीसांचे चरित्र वाचताना दत्तकासंबंधीची प्रकरणे गटाने विशेष लक्ष देऊन वाचावीत. पुढच्या लढायांचे सारे मूळ तेथे आहे.

गोदाकाठ:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल गटात हा सारा मजकूर वाचून दाखवला आणि क्रम असा ठरला: प्रथम पारसनीस, त्यांच्यानंतर 'माझा प्रवास' पोतदारांच्या प्रतीवरून, मग संपूर्ण 'स्मृतिचित्रे' आणि त्याला लागूनच 'गृहिणीमित्र'. 'ख्रिस्तायन'चे निवडक अध्याय पावसाळ्यात मोठ्याने वाचू, दिवाळीनंतर महाश्वेता देवी आणि शेवटी नाटकाचे अभिवाचन. जॉन लँगचे झाशीचे प्रकरण गटातील एक भगिनी वाचून त्याचा सारांश सांगणार आहेत. लेखिका आणि चरित्रनायिका हा मतभेद पाटीपेन्सिल यांच्या उत्तराने मिटला. विष्णू हे नाव पुढच्या वर्षासाठी राखून ठेवले आहे, आणि भातखंडे वाचताना सोबत गाऊन दाखवणारे कोणी मिळेल का, याचा शोध आतापासूनच सुरू केला आहे.