नोस्फेरातू: १९२२ची कुठली प्रत लावायची, आणि २०२४चा इतका काळोखा का?

पडदा_उघडा विचारतात:

मंडळी, आमच्या चित्रपट मंडळात मुर्नाऊचा १९२२चा जर्मन मूकपट ‘नोस्फेरातू’ दाखवायचा बेत आहे, काउंट ऑर्लोक नावाच्या पिशाचाची गोष्ट. रॉबर्ट एगर्सने त्याच गोष्टीवर काढलेला २०२४चा सभासदांनी आपापल्या घरी बघून यायचा आणि खेळानंतर दोन्हींवर बोलायचं.

अडचणी अशा:

१९२२चा नेटवर डझनभर ठिकाणी आहे. कुठे तासाभरात संपतो, कुठे दीड तास चालतो. काही काळ्या-पांढऱ्या, काही निळ्या-पिवळ्या. खरी कुठली?

एगर्सच्या सिनेमाबद्दल ज्यांनी आधीच बघितला त्यांच्या तीन तक्रारी आहेत: काही दिसतच नाही, काउंटला मिशी कशाला, आणि जुन्याइतकी भीती वाटत नाही. यातल्या कुठल्या सिनेमाच्या आणि कुठल्या टीव्हीच्या?

हॉलमध्ये पडदा १२ फूट रुंद (१६:९), प्रोजेक्टरवर ३,००० ल्युमेन लिहिलंय. शिवाय मध्ये याच गोष्टीवरचा हेर्झोगचा १९७९चा घालावा का?

---

रीळ_आणि_डबा:

प्रतीचं आधी, कारण तिथे चूक झाली तर पुढची सगळी चर्चा वाया.

१९२२ची लांबी १,९६७ मीटर होती. ३५ मिमीच्या एका मीटरमध्ये साधारण ५२.५ चौकटी बसतात, म्हणजे एकूण एक लाख तीन हजारांच्या आसपास. सेकंदाला १८ चौकटींनी चालवलं तर साधारण ९५ मिनिटं, २४ने चालवलं तर ७२. एखादी प्रत ७०च्या आत संपत असेल तर ती वेगाने पळतेय, कापलेली आहे, किंवा दोन्ही. वेग चुकला की माक्स श्रेकचा काउंट ऑर्लोक टुणटुणत चालतो आणि हॉलमध्ये हशा पिकतो. तो हशा मुर्नाऊच्या खात्यावर मांडू नका.

दुसरी खूण पाट्यांची, म्हणजे मूकपटात मध्ये मध्ये येणाऱ्या मजकुराची. पाटीवर ‘काउंट ड्रॅक्युला’ आणि ‘ब्रेमेन’ दिसलं तर ती जुनी अमेरिकन प्रत. मूळ जर्मन पाट्यांत काउंट ऑर्लोक, त्याच्या किल्ल्यावर जाणारा हुटर, हुटरची बायको एलेन आणि विसबोर्ग हे काल्पनिक गाव आहे. नावं बदलली होती ती ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे हक्क न घेता सिनेमा काढला म्हणून. तरीही स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली, निर्माती प्राना कंपनी दिवाळ्यात निघाली, आणि १९२५मध्ये प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. परदेशी गेलेल्या प्रती वाचल्या म्हणून आज आपण यावर बोलतोय.

तिसरी आणि सगळ्यात मोठी खूण रंगाची. निव्वळ काळी-पांढरी प्रत लावू नका. त्या काळची फिल्म मंद असायची, रात्री बाहेर चित्रण जवळपास अशक्य. म्हणून रात्रीचे प्रसंग भर उन्हात घेतले आणि प्रतीला निळी छटा दिली. निळा म्हणजे रात्र, पिवळा म्हणजे दिवस किंवा दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. छटा काढून टाकली की उन्हाने मरणारा पिशाच भर दुपारी शवपेटी काखेत मारून गावातून हिंडताना दिसतो. मग कोणीतरी विचारतंच, “अहो, हा आत्ता का नाही मेला?” मुर्नाऊ श्टिफ्टुंग या जर्मन संस्थेची २००५-०६ची पुनर्रचना घ्या. तिच्यातल्या छटा पॅरिसच्या सिनेमॅथेक या चित्रपट संग्रहालयातल्या १९२२च्या रंगवलेल्या प्रतीवरून ठरवल्या आहेत. ती ९४ मिनिटांची आहे. १८चा वेग साधायला डिस्कवर काही चौकटी आधीच दुहेरी केलेल्या असतात, त्यामुळे प्लेअरमध्ये वेग कमी करण्याचा उद्योग नको.

हक्कांबद्दल: आपल्याकडे चित्रपटाचं संरक्षण ६० वर्षांचं, म्हणजे १९२२चा केव्हाच मोकळा झाला. पण डिस्कवरचं संगीत मोकळं नाही. हान्स एर्डमानचं मूळ संगीत बरंचसं हरवलं, ते नंतरच्या लोकांनी जुळवलंय आणि त्यांचे हक्क वेगळे. परवानगी मागा, नाहीतर आवाज बंद करून एखादा पियानो किंवा हार्मोनियमवाला बसवा. एगर्सचा घरी बघायला सांगताय ते बरोबर केलंत, घरगुती डिस्क हॉलमध्ये लावायची परवानगी नसते.

---

उजेड_कमी:

आता “काही दिसत नाही”. ही तक्रार मला वाटतं सत्तर टक्के टीव्हीची आहे. उरलेला काळोख मुद्दाम केलेला.

छायालेखक जॅरिन ब्लाश्कीने हा ३५ मिमी फिल्मवर घेतलाय. चांदण्याच्या प्रसंगांना लाल उजेड अडवणारा फिल्टर लावला. चांदण्यात माणसाच्या डोळ्याला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, म्हणून ती दृश्यं रंग उडाल्यासारखी, राखाडी-निळसर दिसतात. घरातले प्रसंग मेणबत्तीच्या आणि शेकोटीच्या उजेडात. म्हणजे चित्रातला बहुतेक मजकूर अगदी गडद पट्ट्यातच आहे. साध्या ८-बिट व्हिडिओत काळा १६वर आणि पांढरा २३५वर असतो, आणि इथे पुष्कळ दृश्यांचा कारभार १६च्या आसपासच्या चिंचोळ्या पट्ट्यातच उरकतो. तेवढ्या चिंचोळ्या जागेत टीव्हीने जरा गडबड केली की सगळं चित्र जातं. सभासदांना हे पाठवा:

१. ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ मोड लावा. ‘व्हिविड’ आणि ‘स्पोर्ट्स’ नको.

२. खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र कमी-जास्त करणारा सेन्सर आणि वीजबचत मोड दोन्ही बंद. हे दोन एकत्र चालू असले की दिवा मालवताच टीव्हीही मान टाकतो. बहुतेकांचं दुखणं इथेच निघतं.

३. मोशन स्मूदिंग (मधल्या चौकटी स्वतः भरून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद. ते चालू असलं की किल्ल्याच्या प्रसंगातली संथ सरकती दृश्यं मालिकेसारखी दिसतात.

४. सेट-टॉप किंवा स्टिक एचडीएमआयवरून जोडली असेल तर दोन्हीकडे रेंज (काळ्या-पांढऱ्याची मर्यादा) एकच ठेवा. यंत्र ‘फुल’ पाठवतंय आणि टीव्ही ‘लिमिटेड’ समजतोय, तर सावल्यांतला तपशील काळ्यात बुडतो. उलट झालं तर काळा राखेसारखा दिसतो. लोक मग ब्राइटनेस वाढवत बसतात आणि आणखी बिघडवतात.

५. ‘स्क्रीन भरा’ किंवा ‘झूम’ नको. सिनेमाची चौकट १.६६:१ आहे. १९२०×१०८०च्या पडद्यावर दोन्ही बाजूंना साधारण ६४ पिक्सेलची काळी पट्टी दिसायलाच हवी. दिसत नसेल तर वरचं-खालचं कापलं जातंय, आणि एगर्स पात्रांना चौकटीच्या नेमक्या मध्यावर उभं करतो, त्यामुळे डोकी कापली गेलेली लगेच जाणवतात.

६. खोली अंधारी करा, पण टीव्हीच्या मागे मंद पांढरा दिवा चालेल. समोर ट्यूबलाइट असेल तर वरचे पाचही उपाय फुकट.

हे सगळं करूनही गडद भागात चौकोनी ठोकळे दिसले तर दोष स्ट्रीमचा. डेटा कमी पडला की आधी सावल्यांतला तपशील छाटला जातो. ब्लू-रे मिळाली तर फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

हॉलचं: १२ फूट रुंद १६:९ पडदा म्हणजे ८१ चौरस फूट. सिनेमा मोडमध्ये तुमच्या ३,०००चे खरे दीड हजार धरा, भागिले ८१, म्हणजे साधारण १८ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं माप). थिएटरमध्ये १४ ते १६ असतात, तुम्हाला पुरेसं आहे. जुन्या सिनेमाची चौकट १.३३:१, त्यामुळे १२पैकी ९ फूटच वापरले जातील. ताणून भरू नका. उजेडापेक्षा पांढऱ्या भिंती तुम्हाला छळतील. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळं कापड सोडा.

---

तरस:

वरच्यात एक भर. १९२२ सुरू करण्याआधी दोन गोष्टी सांगून टाका.

ऑर्लोकची बग्गी हुटरला न्यायला येते तेव्हा ती फटकाफटक उड्या मारत धावते आणि मध्येच जंगल पांढरंफेक होतं. लोकांना वाटतं प्रत खराब आहे. नाही. उड्या चौकट-चौकट थांबवून केल्यात, आणि पांढरं जंगल म्हणजे तो तुकडा मुद्दाम नेगेटिव्हमध्ये लावलाय.

दुसरं, सराईमध्ये गावकरी लांडगामाणसाची भीती घालतात आणि पुढच्याच दृश्यात येतं चक्क तरस. पट्टेवालं. जर्मनीत १९२२ साली कोणाला ओळखू आलं नसेल, पण आपल्याकडे माळरानावर फिरलेला एखादा प्रेक्षक मागून ओरडणारच. ओरडू द्या.

आता मिशी. नेटवर यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी खुद्द कथेवरून झाली नाहीत. स्टोकरच्या कादंबरीत, दुसऱ्याच प्रकरणात, काउंट दाराशी येतो तो लांब पांढऱ्या मिशीसकट, बाकी चेहरा तुळतुळीत. टक्कल आणि उंदरासारखे पुढचे दात ही १९२२ची करामत, कादंबरीतली नव्हे. एगर्सने काउंटला शतकांपूर्वी मेलेला ट्रान्सिल्व्हेनियातला सरदार केलंय: फरचा भारी अंगरखा, मिशी, कुजलेली पाठ. त्याच्या तोंडी घातलेली डाशियन ही मृत भाषा नव्याने जुळवलेली आहे. बिल स्कार्सगार्डने आवाज खाली उतरवायला ऑपेरा गायिकेकडे तालीम घेतली. म्हणून तो बोलतो कमी आणि घोरल्यासारखा श्वास जास्त घेतो. साध्या टीव्हीच्या स्पीकरवर हा श्वास निम्मा ऐकूच येत नाही. “भीती वाटली नाही” म्हणणाऱ्यांना आधी विचारा, ऐकला कशावर? बरे हेडफोन लावून किल्ल्याचा प्रसंग पुन्हा बघायला सांगा.

---

गोंडस_नव्हे:

भीतीच्या तक्रारीत मला मात्र तथ्य वाटतं, आणि ते स्पीकरने सुटणारं नाही.

(ज्यांनी बघितला नाही त्यांनी इथून पुढे सोडा.)

उन्हाने पिशाच मरतो ही कल्पना कादंबरीत नाही. तिथला ड्रॅक्युला दिवसा लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची ताकद कमी होते, आणि शेवटी मरतो तो नायक हार्करच्या कुकरीने आणि त्याचा साथीदार क्विन्सीच्या सुऱ्याने. उजेडाने मारणं ही १९२२ची भर. तिथे एलेन पुस्तक वाचते, निष्पाप बाईने त्याला कोंबडा आरवेपर्यंत गुंतवून ठेवायला हवं हे तिला कळतं, आणि ती खिडकी उघडते. का गुंतला, तिचं त्याच्याशी काय नातं, एक अक्षर नाही. तो समोरच्या घराच्या खिडकीतून नुसता बघत राहतो. ते न सांगणंच अंगावर येतं.

एगर्स सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो: एकाकी मुलीने हाक मारली, याने ती ऐकली. मग काउंट तिला तीन रात्रींची मुदत देतो. लिली-रोझ डेपचं काम जबरदस्त आहे, एलेन कथेच्या मध्यभागी आली हे चांगलंच झालं, पण भीतीची जागा शोकांतिकेने घेतली. जे भय शोधायला गेले ते हिरमुसले, जे बाईची गोष्ट बघायला गेले ते खूश. समाजमाध्यमांवरचे दोन तट बघा, साधारण याच रेषेवर पडलेत. आणि विलम डॅफोचा प्रोफेसर सगळं समजावून सांगतो ते मला जास्तच वाटलं. १९२२चा प्रोफेसर बुल्वर अगदी निरुपयोगी आहे, आणि तेच बरं होतं.

हेर्झोगचा जरूर घाला, पण मध्ये नको, शेवटी. त्याने तोवर मोकळी झालेली ड्रॅक्युला, हार्कर ही नावं परत घेतली. त्यात नट किन्स्कीने केलेला पिशाच दमलेला आहे, मरता येत नाही म्हणून रडवेला. नायिका लूसीचं बलिदान वाया जातं, रोग नवऱ्यातच उतरतो आणि तो घोड्यावरून निघून जातो. व्हॅन हेल्सिंगला अटक करायची ठरते तर अटक करणारं कोणी उरलेलं नाही. तिन्ही शेवट लागोपाठ चर्चेला घेतलेत तर एगर्सचा कुठे बसतो ते लोकांना आपोआप दिसेल. इंग्रजी आणि जर्मन दोन्ही आवृत्त्या आहेत, जर्मन घ्या. इंग्रजीत नटांची जीभ अडखळते.

---

उजेड_कमी:

@गोंडस_नव्हे, न सांगण्याचं पटलं. पण एगर्सचा शेवट उजेडाच्या दृष्टीने बघा. दोन तास राखाडी-निळं पाहून डोळा सरावलेला असतो, आणि शेवटच्या सकाळी उन्हाचा ऊबदार उजेड खोलीत येतो. १९२२ मध्ये जे काम गुलाबी छटेने केलं तेच इथे साठवून ठेवलेल्या रंगाने केलंय. टीव्ही ‘व्हिविड’वर असेल तर तो फरक पुसला जातो, कारण आधीची रात्रच रंगीत दिसलेली असते. त्यामुळे तुमची तक्रार आणि माझी यादी अगदीच वेगळी नाहीत.

---

पडदा_उघडा:

सगळ्यांचे आभार. यादी गटावर टाकली, दोघांचा वीजबचत मोड आत्ताच सापडला. एक राहिलं: १९२२ला मध्यंतर कुठे घेऊ? ९४ मिनिटं सलग बसवायला काही ज्येष्ठ सभासद नाखूश आहेत.

---

रीळ_आणि_डबा:

तो पाच अंकांत बांधलेला आहे आणि पुनर्रचित प्रतीत अंक संपल्याच्या पाट्या येतात. थांबायचंच असेल तर पाटीवरच थांबा, घड्याळ बघून मध्येच नको. जहाजाचा प्रवास मात्र तोडू नका. शवपेटीतून ऑर्लोक फळीसारखा ताठ उभा राहतो तिथे लोक खुर्चीत असायला हवेत, चहाच्या रांगेत नव्हे. आधी एकदा प्रत चालवून पाट्यांच्या वेळा लिहून ठेवा, प्रोजेक्टरवाल्याला कागद द्या, आणि मध्यंतरात हॉलचे सगळे दिवे लावू नका. दारातला एक पुरे. डोळे पुन्हा अंधाराला सरावायला पाच-सात मिनिटं सहज जातात.