आर्गॉन प्लाझ्मात प्रोबचं फ्लोटिंग पोटेन्शियल –४८ व्होल्ट का येतंय?

करवीर_लॅब
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात कॉलेजच्या लॅबमध्ये फिलामेंट डिस्चार्जवर (तापलेल्या तारेतून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी बनवलेला प्लाझ्मा) लँगम्युर प्रोब, म्हणजे प्लाझ्मात खुपसून करंट मोजायची तार, लावलाय. चेंबर ४० सेंमी, आर्गॉन ५×१०⁻⁴ मिलीबार, फिलामेंट –६० व्होल्टवर, भिंत ग्राउंड. प्रोब ०.५ मिमी टंगस्टन तारेचा, ३ मिमी टोक उघडं, बाकी ॲल्युमिनाच्या नळीत. इलेक्ट्रॉन तापमान ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि प्लाझ्मा पोटेन्शियल (प्लाझ्माचा स्वतःचा व्होल्टेज) +२ व्होल्ट निघतं. मग फ्लोटिंग (ज्या व्होल्टेजला प्रोबमधला एकूण करंट शून्य होतो) –१३ च्या आसपास हवं, येतंय –४८. सर्किट चुकलंय, की टोकमॅकच्या (चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणाऱ्या फ्यूजन यंत्राच्या) भिंतीपाशी असतात तसे वेगवान इलेक्ट्रॉन? सेमिनार त्यावरच आहे.

शीथवाला
सर्किटवर संशय नको. मीटरच्या लोडिंगने आकडा शून्याकडे सरकतो, आणखी उणे होत नाही. म्हणजे –४८ खराच, फार तर थोडा कमीच दिसत असेल.

आर्गॉनमध्ये प्लाझ्मा आणि फ्लोटिंग यांतला फरक तापमानाच्या साधारण ५.२ पट, म्हणजे १५.५ व्होल्ट. हे सगळे इलेक्ट्रॉन एकाच तापमानाचे असतील तर. त्यात फक्त १ टक्का इलेक्ट्रॉन ३० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे मिसळा आणि गणित पुन्हा करा: फरक ५२ व्होल्टवर जातो! शीथ (प्रोबला किंवा भिंतीला लागून असलेला पातळ थर, ज्यात हा फरक पडतो) किती खोल हे गर्दी ठरवत नाही, ते शेपटीतले, म्हणजे जास्त ऊर्जेचे, मूठभर ठरवतात.

तुमच्याकडे ती शेपटी फिलामेंटमधून येते. या दाबाला ६० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनला आयनीकरण करायला सरासरी तीनेक मीटर जावं लागतं, तो थेट भिंत गाठतो. दाब ५×१०⁻³ मिलीबार करा, फ्लोटिंग वर येईल. डिस्चार्ज ५० व्होल्ट केलात की तेही जवळपास तेवढंच, म्हणजे १० व्होल्ट, सरकायला हवं.

उद्यमनगर
स्वीप (प्रोबचा व्होल्टेज हळूहळू बदलत करंट नोंदणं) –१०० व्होल्टपासून घ्या. आयन करंटची सरळ रेषा –१०० ते –७० मध्येच बसवा, कारण –६० च्या वर प्राथमिक (थेट फिलामेंटमधून आलेले) इलेक्ट्रॉन मिसळलेले असतात. –४० ते –२० मध्ये रेषा ओढली तर ते तिच्यातच दडतात आणि ३ चं तापमान साफ निर्दोष दिसतं. रेषा वजा करून लॉग ग्राफ काढा, दोन उतार दिसतील.

चढता आणि उतरता स्वीप जुळत नसेल तर टोकावर थर बसलाय. धन बायस देऊन टोक लाल होईपर्यंत तापवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात चेंबर उघडा राहिला की भिंतीत पाणी मुरतं, तेव्हा पट्टी गुंडाळून रात्रभर १०० अंशांवर तापवलेलं बरं. नळीच्या तोंडाशी तारेभोवती फट ठेवा, नाहीतर नळीवर बसलेला धातूचा थर तारेला टेकतो आणि प्रोबचं क्षेत्रफळ गुपचूप वाढतं.

कडा_प्लाझ्मा
सेमिनारसाठी: टोकमॅकमध्ये वेगवान इलेक्ट्रॉन बनवायचं काम लोअर हायब्रिड अँटेना (प्लाझ्मात रेडिओ लहरी सोडून करंट चालवणारी) करते. तिच्या लहरींतला संथ भाग कडेच्या थंड इलेक्ट्रॉनांना तोंडाशीच, काही मिलिमीटरच्या थरात, रेटतो. चुंबकीय रेषेच्या दुसऱ्या टोकाला जो भाग असेल तिथे गरम ठिपका उमटतो. फ्रान्सच्या टोर सुप्रा टोकमॅकवर हे पाहिलं गेलंय.

नुकसान दुहेरी. इलेक्ट्रॉन थेट उष्णता आणतात आणि खोल शीथ आयनांना जोरात आपटवतो. ड्युटेरियमला टंगस्टन उडवायला २०० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास लागतात, पण चार इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन आयन त्याच शीथमधून चौपट ऊर्जा घेतो आणि त्याचा उंबरठाही खूप खाली असतो. झीज बहुधा अशुद्धींमुळेच होते.

गांधीनगरच्या आदित्यसारख्या टोकमॅकमधले रनअवे (विद्युत क्षेत्रात वेग वाढतच गेलेले) इलेक्ट्रॉन यात मिसळू नका. ते मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे, प्रोबच्या स्वीपने ओळखू येत नाहीत, हार्ड एक्स-रे डिटेक्टर लागतो. आणि चुंबकीय क्षेत्रात फिट फ्लोटिंगच्या थोडं वरपर्यंतच करा, पुढचा इलेक्ट्रॉन करंट दबलेला असतो.

करवीर_लॅब
आभारी आहे सर. आधी दाब वाढवतो, मग –१०० पासून स्वीप. दोन्ही ग्राफ इथे टाकतो.