समझाइश, समुपदेशन, समानुभूती

(इंदूरच्या वेगवेगळ्या वस्त्यांतल्या मराठी मंडळींची ही चर्चा; बोलणाऱ्याच्या आधी त्याच्या वस्तीचं नाव आहे.)

सुदामानगर : इंदूरच्या भंवरकुआँ भागात कोचिंगसाठी राहणाऱ्या मुलांशी बोलायला काही स्वयंसेवक तयार झाले आहेत. त्यांच्यासाठी मराठी माहितीपत्रक करायचं आहे. ‘काउन्सेलिंग’साठी मसुद्यात कुठे ‘समझाइश’ आलंय, कुठे ‘समुपदेशन’. इंदूरच्या मराठी घरांत दोन्ही चालतात. कुठला ठेवावा? आणि ‘एम्पथी’ला सहानुभूती म्हटलं तर चालेल का?

रामबाग : समझाइश काढाच. ‘समझना’ला फर्माइश, आजमाइशसारखं ‘-इश’ लागून झालेला हा शब्द आपल्या तोंडी बसलाय, पण तो कुणाच्या संदर्भात वापरतो ते बघा. हेल्मेट न घालणाऱ्याला पोलीस समझाइश देतात, भांडणाऱ्या भावांना मोठे काका देतात. देणारा शहाणा आणि घेणारा चुकलेला, हे त्यात आधीच ठरलेलं असतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या पुस्तकात नेमक्या याच गोष्टींवर आक्षेप घेतला : हुकूम सोडणं, उपदेश करणं, सल्ला देणं, मन वळवणं. समोरच्याला स्वतःची वाट शोधता येते यावरच त्यांची सगळी पद्धत उभी आहे.

समुपदेशन रुळलेला आहे म्हणून ठेवा, मात्र त्याच्याही पोटात ‘उपदेश’ आहेच. तेव्हा पहिल्याच ओळीत लिहा : ‘इथे सल्ला दिला जात नाही, ऐकून घेतलं जातं.’ हे नाही लिहिलं तर आईवडील ‘आमच्या मुलाला जरा समजावा’ म्हणून पाठवतील आणि मूल तोंड मिटून बसेल.

लोकमान्य नगर : मसुद्यात ‘रुग्ण’ असेल तर तोही काढा. रॉजर्स यांनी तो शब्द टाकून ‘क्लायंट’ घेतला आणि पुढे नुसतं ‘व्यक्ती’ म्हणू लागले. क्लायंटला मराठीत ‘अशील’ म्हणावं तर वकील आठवतो आणि ‘ग्राहक’ म्हणावं तर दुकान. ‘बोलायला आलेली व्यक्ती’ हे लांबलचक असलं तरी बरोबर आहे.

आता सहानुभूती. ‘एम्पथी’ला ती नको, ‘समानुभूती’ घ्या. फरक बघा. मुलगा म्हणतो, ‘टेस्टमध्ये रँक घसरली. घरी फोन करायला नको वाटतं.’

समझाइश : ‘एका टेस्टनं काय होतं? नीट अभ्यास कर, सगळं ठीक होईल.’

सहानुभूती : ‘अरेरे, किती वाईट वाटत असेल तुला!’

समानुभूती : ‘रँकपेक्षा घरी सांगायची धास्ती जास्त वाटतेय, असं आहे का?’

तिसऱ्या वाक्यात शेवटचं ‘असं आहे का?’ सगळ्यात महत्त्वाचं. ते विचारून गप्प बसायचं. मुलगा म्हणाला, ‘धास्ती नाही, लाज वाटते. बाबांनी कर्ज काढलंय’, की आपला ‘धास्ती’ शब्द तिथेच सोडायचा आणि त्याचा ‘लाज’ उचलायचा. बहुतेकांचं इथेच चुकतं. आपलाच अंदाज रेटतात, नाहीतर ‘हो, पण बाबा तुझ्यासाठीच करताहेत ना’ म्हणतात. त्या ‘पण’नंतर मुलगा स्वतःचं बोलणं सोडतो आणि बाबांची बाजू ऐकत बसतो.

रामबाग : उलट टोकाची चूकही पत्रकात यायला हवी. त्याचंच वाक्य पोपटासारखं परत म्हणणं म्हणजे समानुभूती नव्हे. आपल्या पद्धतीला असं रूप आलेलं पाहून रॉजर्स स्वतः व्यथित झाले होते. आपण केवळ भावनांचं प्रतिबिंब दाखवतो असं नसून आपल्याला बरोबर कळलंय का हे पडताळून पाहतो, असं त्यांनी १९८६ मध्ये स्पष्ट लिहिलं. १९५७ च्या निबंधात त्यांनी आणखी एक अट घातली आहे : समोरच्याचं जग जणू आपलंच असल्यासारखं अनुभवायचं, मात्र हे ‘जणू’ सुटू द्यायचं नाही. ते सुटलं तर ऐकणाराच रडू लागतो आणि मुलाला त्याचं सांत्वन करावं लागतं. म्हणून ‘एम्पथी’साठी मला ‘तदनुभूती’पेक्षा, म्हणजे ‘तो’च होऊन अनुभवण्यापेक्षा, ‘समानुभूती’ बरा वाटतो. त्यात निदान दोन माणसं दोन राहतात.

सुदामानगर : रॉजर्स यांचा ‘अनकंडिशनल पॉझिटिव्ह रिगार्ड’ कसा घ्यावा? ‘विनाअट सकारात्मक आदर’ फार पुस्तकी वाटतो.

लोकमान्य नगर : ‘विनाअट स्वीकार’ पुरे. खाली एक ओळ द्या : स्वीकार माणसाचा असतो, त्याच्या प्रत्येक वागण्याला मान्यता नसते. हे स्पष्ट केलं नाही की पालक त्याचा अर्थ ‘लाड’ घेतात. ‘रँक आली तर तू आमचा’ हे मुलाच्या कानावर सतत पडत राहिलं, की तोही स्वतःला त्याच मापानं मोजू लागतो.

नेहरूनगर : मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांचा उल्लेख असेल तर त्यांच्या ‘सेल्फ ॲक्च्युअलायझेशन’ला (स्वतःच्या क्षमता पूर्ण फुलवणं) ‘आत्मसाक्षात्कार’ लिहू नका, वाचकाचं मन थेट संतांकडे जाईल. ‘आत्मविकसन’ चालेल. त्यांच्या १९४३ च्या निबंधाचा दाखला देऊन माणसाच्या गरजांच्या पिरॅमिडचं चित्रही छापू नका. ते त्या निबंधात नाही.

शब्दांचं सर्वांत जास्त भान ठेवावं अशी जागा मात्र वेगळी आहे. मूल ‘आता कशातच अर्थ नाही’ म्हणालं, की आपण घाबरून विचारतो, ‘काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे एकच उत्तर सोपं असतं. शांतपणे, सरळ विचारायचं : ‘आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उत्तर ‘हो’ आलं तर पुढे विचारायचं : कसं करायचं ठरवलंय का, त्यासाठी काही जवळ आणून ठेवलंय का? असलं तर ते दूर करायचं, त्याला एकटं सोडायचं नाही आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. त्याच्यासोबत बसूनच टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावायचा. ही सरकारी सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते. जिवाला लगेच धोका दिसत असेल तर थेट रुग्णालयात न्यायचं. हा प्रश्न आणि हा क्रमांक पत्रकाच्या पहिल्या पानावर, मोठ्या टायपात घ्या.